उघाडी

नौशीन पारकरनं ऑडिटची यादी पुढे सरकवली
आणि एकशे सेहेचाळिसाव्या ओळीवर
पेनाचं टोपण ठेवलं.
"हा कोण?"

खात्याचं नाव: उघाडी.
मालक: रिकामं.
पासवर्ड बदलल्याची तारीख अकरा वर्षांपूर्वीची.
शेवटचं लॉगिन, चार मिनिटांपूर्वी.

मी म्हटलं, हा माणूस नाही.
ठाण्याच्या लॅबमधून रक्ताचे रिपोर्ट उचलतो,
वाशीच्या इस्पितळात वॉर्डच्या स्क्रीनवर ठेवतो,
दर दहा मिनिटांनी.
त्याला आधार कार्ड नाही, मोबाइल नाही,
ओटीपी पाठवायचा तर कुठे?
त्यानं कधी रजा टाकली नाही,
आणि या इमारतीत अकरा वर्षं राहून
जिन्यातसुद्धा कुणाला भेटला नाही.

"आणि हक्क?"

हक्क सगळे.
एका कपाटातली एक फाइल उचलायची,
तर अख्ख्या इमारतीच्या किल्ल्यांचा जुडगा हातात.
घाई असेल तेव्हा. तात्पुरतं म्हणून दिलं असेल.
आमच्या धंद्यात तात्पुरत्याइतकं टिकाऊ
दुसरं काही नसतं.

नौशीन हसली नाही.
"हा पासवर्ड चोराच्या हाती लागला,
तर लॉगमध्ये काय दिसेल?"
काहीच नाही. उघाडी आली, उघाडी गेली.
रोजच्यासारखी.

गोठिवलीला फोन लावला.
दत्ताराम घरत, निवृत्तीचं तिसरं वर्ष.
मागे कोंबडा आरवत होता, भर दुपारी.
"ती उघारी गो! अजून चालतं?
बापूस माझा उघारीवर व्हता.
खाडीच्या बांधाला लाकडाचा दार.
ओहोटी लागली का आतला पानी भायेर जाय,
भरती आली का दार आपलाआप मिटं.
खारा पानी एक थेंब आत नाय."
थांबले. मग म्हणाले,
तुझी खुर्ची आहे ना,
तिच्याखाली कुणाचं तरी भाताचं खाचर आहे बघ.
आणि पासवर्ड?
ते आठवायला त्यांना क्षणभरही लागला नाही.
शेताचं नाव आणि बापाचं जन्मसाल.

फोन ठेवल्यावर मला जरा थंडी वाजली.
एसीची असेल.

त्या रात्री मी बसले.
एकेक किल्ली जुडग्यातून काढली.
पगाराची. बॅकअपची. आणि कशाची कोण जाणे,
जिचं कुलूपच कधीचं मोडीत निघालं होतं.
शेताचं नाव पुसलं, सालही पुसलं,
पुसताना घरतांना मनात सॉरी म्हटलं.
त्याजागी नवी किल्ली, जी कुणालाच पाठ नाही,
आणि जी रोज पहाटे स्वतःच शिळी होते.
वाचायचं तेवढं लॅबमधून. ठेवायचं तेवढं वाशीला.
एवढंच दार. एकाच बाजूला उघडणारं.

दोन दहा. काही नाही.
दोन वीस. काही नाही.
वाशीला कुणीतरी सिस्टर
रिकाम्या स्क्रीनकडे बघत असेल.
माझी नखं दातांखाली.
मग दिसलं: वाशीच्या फोल्डरचा हक्क
मीच जुडग्याबरोबर काढून टाकला होता.
दार केलं, आणि चौकटच विसरले.

दोन तीस.
सतरा रिपोर्ट गेले.
कुणाचं हिमोग्लोबिन, कुणाचं क्रिएटिनिन,
मी एकही उघडला नाही.
तीही उघडत नाही.
सतरा माणसांचं रक्त तिच्या हातून गेलं
आणि तिला एकाचंही नाव माहीत नाही,
हे मला आज पहिल्यांदाच
सभ्यपणाचं वाटलं.

मालकाच्या रकान्यात कर्सर लुकलुकत होता.
दत्ताराम घरत लिहावंसं वाटलं.
पण निवृत्त माणसाला रात्री अडीचला
कोण उठवणार?
हेमलता कासेकर, लिहिलं.
पुढे मोबाइल नंबर.

बाहेर ऐरोलीच्या खाडीला
भरती होती की ओहोटी, कळलं नाही.
या खोलीला खिडकी नाही.